विमानाला तिजोरीचं कुलूप

कासारवाडी,
६ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप इंदुताईस,
धाकट्या रंगाचा वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, तरी वाकलो आहे.

पत्राला उशीर झाला, कारण मी विमान बांधतो आहे. हे वाक्य पुन्हा वाच. लिहिण्यात चूक झालेली नाही. स्टेशनामागच्या आपल्या कारखान्यात आजवर ट्रकच्या बॉड्या बांधल्या, तिथं आता एका माणसापुरतं विमान उभं आहे. नकाशे विलायतेहून मागवले. सांगाडा लाकडी, वर कापड, इंजिन लढाईनंतरच्या लिलावातलं. पिंपरीला सरकारनं औषधाचा कारखाना काढला म्हणून लोक टांगे करून बघायला जातात. पुढच्या वर्षी ते टांगे माझ्या दारात थांबतील.

बसणाऱ्याच्या डोक्यावर कॅनॉपी आहे. म्हणजे काचेसारखं पारदर्शक छत्र, पण काच नव्हे, फार भारी वस्तू आहे. एका कुशीला बिजागऱ्या आणि दुसऱ्या कुशीला कडी. कडीचं काम किरकोळ. रविवार पेठेतून पितळी आणली, कपाटाला लावतात तसली, पण वरच्या दर्जाची.

उडवणारा माणूस ठरला आहे. अंगानं हलका, डोक्यानं शांत, चांगल्या घरचा. नाव आत्ताच सांगत नाही. मी स्वतःच उडवणार होतो, पण बसायची जागा विलायती माणसाच्या मापाची निघाली.

तुझा ज्योतीराम इथं मजेत आहे. कॉलेज नीट चालू आहे. रविवारी हडपसरला मित्राकडं अभ्यासाला जातो. तिकडं हवा मोकळी असते.

तुझा,
रंगराव


कराड,
१४ नोव्हेंबर १९५५

चिरंजीव रंगास,
आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसण्यासाठी आणि एकदा शाळेतल्या बाईंना वाचून दाखवण्यासाठी. मुख्याध्यापिका एवढी हसते हे त्यांना नवीनच होतं.

माणूस स्वतः धरतो ते छत्र. भांड्यावर बसतं ते झाकण. तुझं ते उघडतं, मिटतं आणि त्याला कडी लागते, तेव्हा ते झाकण. मी झाकणच म्हणणार.

आणि रंगा, कडीचं काम किरकोळ हे तू लिहावंस? तुझ्या हातच्या एकाही दाराला बंद राहायची सवय नाही. भोरच्या वऱ्हाडाची गाडी आठव. कात्रजच्या चढावर मागचं दार उघडलं आणि रुखवत घाटभर सांडलं. वरमाय लाडू वेचत चालली होती. आमच्या देवघराला तू दार करून दिलंस, तेव्हापासून आमची मांजर देवाच्या आधी जेवते. ही सगळी दारं जमिनीवरची होती म्हणून आपण हसलो. आता तू आकाशात दार लावायला निघालास, तेही कपाटाच्या कडीनं!

कोण आहे तो चांगल्या घरचा? त्याच्या आईला हे ठाऊक आहे का? नसेल तर मला त्या बाईची दया येते. ठाऊक असून ती गप्प असेल तर तिला माझ्याकडं पाठव. पहिलीपासून शिकवायला घेते.

ज्योतीला तुझ्या त्या कारखान्यात फिरकू देऊ नकोस. हडपसरच्या मोकळ्या हवेत अभ्यास करू दे.

तुझी,
इंदुताई


कासारवाडी,
११ डिसेंबर १९५५

तीर्थरूप ताईस,
नमस्कार. या खेपेला न वाकता, ताठ मानेनं.

तुझं पत्र मी कारखान्यात मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. हसू देत. पहिल्या मोटारीलाही लोक हसले होते.

चाकणच्या अलीकडं एक लांबलचक माळ आहे. विमान ट्रकवर घालून तिथं नेलं आणि जमिनीवर पळवून पाहिलं. इंजिन असं बोललं की काय सांगू! कॅनॉपीनं मात्र थोडी हवा घेतली. शेजारच्या हरभऱ्यात सापडली. कोपऱ्याला एक तडा गेला आहे, बाकी धड आहे.

तेव्हा कडीबद्दल तू जे लिहिलंस त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. मी लगेच वजीरला बोलावलं. वजीर म्हणजे आमच्या स्टेशनाजवळचा कुलूपवाला. तिजोऱ्यांची कुलपं बनवतो. त्याचं कुलूप चोरानं आजवर उघडलेलं नाही. काही वेळा मालकालाही उघडत नाही. त्यानं कॅनॉपीला तिजोरीचं कुलूप बसवलं आहे. बाहेरून किल्ली फिरवली की चारी बाजूंनी पोलादी दांडे सरकतात. आता वावटळ आली तरी ती हलायची नाही.

किल्ली बाहेरूनच का, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, हवेत दार उघडून पायलट जाणार कुठं? खाली आला की मी आहेच, किल्ली माझ्या घड्याळाच्या साखळीला आहे.

दिल्लीच्या खात्याकडं परवानगीसाठी अर्ज केला आहे. कागद येईल तेव्हा येईल. जमिनीवर पळवायला कुणाची परवानगी लागते? संक्रांतीला पुन्हा पळवणार. येतेस का?

रंगराव


कराड,
१९ डिसेंबर १९५५

चिरंजीव रंगास,
शाब्बास! मनापासून लिहिते. आयुष्यात एक तरी दार तू असं केलंस की जे बंद राहील. वजीरभाईंना माझ्याकडून नारळ दे. जमलं तर आमच्या देवघरालाही तसलंच कुलूप धाड, मांजरीची जिरू दे.

आणि पायलटबद्दलचं तुझं वाक्य मला फार आवडलं. हवेत दार उघडून जाणार कुठं! अगदी खरं आहे. तुझ्या डोक्यातून निघालेलं हे पहिलं सरळ वाक्य म्हणून मी ते शाळेत सांगितलं.

मी येत नाही. संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू आहे, आणि तुझं झाकण बघायला मी रजा काढणार नाही.

ज्योतीचं पत्र नाही. त्याला लिहायला सांग. साताऱ्याहून एक मुलगी सांगून आली आहे. मुलीचे वडील विचारत होते, मुलगा काय करतो? मी सांगितलं, पायानं जमिनीवर चालतो आणि पुस्तकं वाचतो. मामावर गेलेला नाही.

इंदुताई


कासारवाडी,
१५ जानेवारी १९५६

तीर्थरूप ताईस,
नमस्कार.

चाचणी यशस्वी झाली. विमान जमिनीवरून उठलं, हे सगळ्या माळानं डोळ्यांनी पाहिलं. उतरताना थोडं पालथं झालं. नव्या यंत्राचं असं होतंच.

ज्योतीराम तिथं आला होता. त्याच्या खांद्याला जरा मार लागला आहे. काळजीचं कारण नाही. तू धावपळ करू नयेस. थंडी आहे.

वजीरच्या कुलपाबद्दल तुला उत्सुकता असेल. ते शेवटपर्यंत उघडलं नाही.

रंगराव


कासारवाडी,
१६ जानेवारी १९५६

वन्सं,
सुभद्राचा दंडवत. मला लिवायची सवय न्हाई. चुका काढू नका. ह्यांनी काल तुमाला जे लिवलं ते मला वाचून दावलं. मी तवा गप ऱ्हायले, पर आता गप बसवत न्हाई.

आधी हे वाचा. ज्योती जित्ता हाय. पुण्याच्या इस्पितळात हाय. गळ्याजवळचं हाड मोडलंय, उजवा हात बांधलाय, कपाळाला टाके हायत. जिवाला धोका न्हाई, असं डाक्टर म्हनले. मी दोनी येळंला डबा घेऊन जाते. आता फुडचं वाचा.

इमान उडवनारा दुसरा कुनी न्हवता. आपला ज्योतीच व्हता. हडपसरला तो अब्यासाला जात न्हवता. तितं बिनइंजिनाची इमानं उडवायला शिकवत्यात, ते शिकत व्हता.

त्या दिशी नुस्तं जमिनीवर पळवायचं ठरलं व्हतं. ज्योती आत बसला. ह्यांनी झाकान लावलं, किल्ली फिरवली आन साखळीला अडकवली. इमान पळालं, पळालं आन उठलं की वो! बाभळीच्या वर गेलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. ह्यांनी फेटा उडवला. मंग ते खाली आलं, चाक नांगरटीत रुतलं आन कोलांटी खाऊन पालथं पडलं.

आमी पळत गेलो. ज्योती आत उलटा, पट्ट्याला टांगलेला. आतनं हात मारत व्हता, पर आवाज भाईर यीत न्हवता. पेट्रोल टपाटपा गळत व्हतं. ह्यांना धाप लागली, हे मधीच बसले. वजीरभाईंनी ह्यांच्या छातीवरनं किल्ली हिसकली, साखळी तुटली. किल्ली आत गेली, पर फिरंना. सांगाडा वाकला व्हता, पोलादी दांडे गच्च बसलं व्हतं. वजीरभाई वरडाय लागले, "माझं कुलूप हाय वो, तुटायचं न्हाई!" येरवी हेच दुकानात छाती काढून सांगत्यात. त्या दिशी रडत सांगत व्हते. बोटं रक्तानं भरली तरी किल्ली सोडंनात.

बांधावर मंजुळाबाई म्हनून एक बाई सरपन तोडत व्हती. तिनं कुनाला काय इचारलं न्हाई. कुऱ्हाड घेऊन सरळ आली. आन वन्सं, तवा हे काय बोलले ते माझ्या कानांनी ऐकलंय. बसल्या जाग्यावरनं वरडले, "अगं, ते फोडू नको, लई म्हागाचं हाय!"

तिनं वळून सुदिक बघितलं न्हाई. ज्योतीच्या पायाकडच्या अंगानं घाव घातला, मंग आनिक घातला. भोक पडलं तसं वजीरभाईंनी दोनी हातांनी तुकडं मोडून काढलं. पट्टा कापून ज्योतीला वढून भाईर घेतला. इमान पेटलं न्हाई. ती देवाची किरपा, ह्यांची न्हवं.

हे त्या दिसापास्नं जेवले न्हाईत. पर जेवले न्हाईत म्हनून मी काय त्यांची कीव करनार न्हाई.

तुमची,
सुभद्रा


कराड,
२९ जानेवारी १९५६

रंगास,

इस्पितळात चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू ते मोठेपण समजलास आणि मला चहा आणून देत राहिलास. ते मोठेपण नव्हतं. दवाखान्यात ओरडायला बंदी असते.

आता ओरडते. सख्ख्या भाच्याला तू किल्ली लावून कोंडलास. चोरापासून जपतात तसा जपलास, फक्त माल कुठला हे विसरलास. आणि तो आत गुदमरत असताना तुला त्या झाकणाची किंमत आठवली. मंजुळाबाईला मी लुगडं पाठवते आहे. तू पाठवू नकोस. तू पाठवलंस तर ते सुद्धा कुठंतरी अडकेल.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, नाहीतर मला हेडबाई म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. हवेत दार उघडून जाणार कुठं, हे वाक्य तुझं. शाब्बासकी माझी. चुकीचं उत्तर लिहिणारा एक गाढव असतो. त्याच्यावर बरोबरची खूण करणारी बाई त्याहून मोठं गाढव. उघड्या दाराची मी इतकी थट्टा केली की तू दार बंद करण्याशिवाय दुसरं काही पाहिलंच नाहीस. आणि ज्या बाईची मला दया येत होती, ती कोण हे सुभद्रेनं सांगेपर्यंत मला कळलं नाही.

हाड जुळलं की ज्योतीला कराडला पाठव. त्या यंत्राचं सरपण कर.

इंदुताई


कासारवाडी,
१८ फेब्रुवारी १९५६

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षराला गुण देऊ नकोस.

तू मामांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं. या खेपेला मोठ्यानं वाचलं नाही. तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तू रागावशील, पण इस्पितळात तू डोक्यावरून हात फिरवत होतीस तेव्हा सांगायला जमलं नाही.

पहिली गोष्ट, पायलट व्हायला मामांनी मला गळ घातली नाही. मीच त्यांच्या मागं लागलो. तुला कळवायचं नाही, ही शपथही मीच घातली. मामा वाटेल ते कबूल करतात, पण ही शपथ त्यांनी पाळली. तुझ्या शिव्या खाल्ल्या, माझं नाव घेतलं नाही. आणि त्या दिवशी फक्त पळवायचं ठरलं असताना विमान उचललं ते मी. ते आपोआप उठलं नाही.

तुझी पत्रं मामा वाचायचे तेव्हा मीही पोट धरून हसायचो. झाकण उघडलं तर फजिती होईल, याचीच आम्हाला भीती. उघडलं नाही तर काय होईल, हे मी सुद्धा विचारलं नाही, आणि आत बसणार होतो मी. उलटा टांगला गेलो तेव्हा हात आपसूक कडीकडं गेला. तिथं कडीच नव्हती. आई, मला मरणाची भीती त्यानंतर वाटली. आधी आपल्या मूर्खपणाची लाज वाटली.

दुसरी गोष्ट. मी पुन्हा उडणार आहे. बाभळींच्या वर गेल्यावर काय दिसलं ते लिहीत नाही. तू त्यावर काहीतरी मजेदार लिहिशील, आणि ती गोष्ट मला हसण्यावारी घालवायची नाही.

कुलूप काढलं. वजीरचाचांनीच काढलं. ते आता बढाई मारत नाहीत, कानस चालवतात. आता एकच दांडा असेल. आतून ओढला तरी झाकण उघडेल आणि बाहेरून फिरवला तरी. अर्धवट लागला तर समोर लाल पट्टी दिसेल. आणि हवेत झाकण उघडलंच, तर उघडं राहू द्यायचं. त्याच्या मागं हात घालायचा नाही, आधी विमान सांभाळायचं. हडपसरला आम्हाला हेच शिकवतात. मी शिकलो होतो, पण मामांना सांगितलं नाही, कारण तिजोरीचं कुलूप बघून मलाही ऐट वाटली होती.

एक अट मी घातली आहे. सांगाडा कारखान्यात उलटा टांगायचा, आत माणूस पट्ट्यानं बांधायचा आणि त्यानं आपलं आपण बाहेर यायचं. माणूस म्हणजे मामा. त्यांनी मान डोलावली आहे. परवानगीशिवाय आता चाकही हलणार नाही. त्यासाठी एप्रिलमध्ये मी दिल्लीला जातो आहे.

साताऱ्याच्या मुलीच्या वडिलांना सांग, मुलगा मामावर गेला आहे.

तुझा,
ज्योतीराम


कासारवाडी,
२२ एप्रिल १९५६

चिरंजीव ज्योतीस,
अनेक आशीर्वाद. पत्राचा पत्ता बघून चकित होऊ नकोस. शाळेला सुट्टी लागली आणि मी इथं आले. तुझ्या मामाला उलटं टांगणार आहेत हे समजल्यावर कराडला बसून राहणं माझ्यानं झालं नाही. असा योग माणसाच्या आयुष्यात कितीदा येतो?

काल टांगला. गल्लीतली सगळी माणसं जमली होती. रहाटणीहून सुभद्रेचं माहेर आलं होतं. वजीरभाईंची बायको कमरुन्निसा पोरांना घेऊन पुढच्या रांगेत. आधी रंगा आत जाईना. जाईना म्हणजे त्याचं पोट जाईना. त्यानं श्वास सोडला, मग गेला. पट्टा बांधला, झाकण लावलं, साखळ्या ओढून सांगाडा उलटा केला. मी मनात चांगली तीन-चार वाक्यं तयार ठेवली होती.

ती बोलले नाही. आत तो नुसता हात मारत होता. दांडा त्याच्या कुशीला होता आणि तो मारत होता डोक्यावर, समोर, कुठंही. दोन माणसं बाहेरून उघडायला धावली. वजीरभाईंनी बाहेरचा दांडा फिरवला आणि झाकण लगेच उघडलं. रंगाला खाली घेतला. तो जमिनीवर बसला, माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, मला दांडा दिसलाच नाही गं. पोराचं काय झालं असेल?" आणि तुझा एवढा मोठा मामा सगळ्यांसमोर रडायला लागला. कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि तू मला ओळखतोस.

मग मी म्हटलं, आता मी बसते.

गलका झाला. सुभद्रा म्हणाली, "वन्सं, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोक बघायलाच आले आहेत, त्यांची सोय होईल. लुगड्याचा काचा आवळला, चष्मा सुभद्रेकडं दिला आणि आत बसले. उलटी झाले तेव्हा सगळं रक्त डोक्यात उतरलं. कान गच्च झाले. बाहेरची माणसं ओरडत होती, पण मला फक्त तोंडं हलताना दिसत होती. तू आतून हात मारत होतास तेव्हा तुला सगळे असेच दिसले असतील. ते मला सुभद्रेच्या पत्रातून कळलं नव्हतं, इस्पितळातही कळलं नव्हतं.

हात कुशीला नेला. दांडा नाही. दांडा होता जागेवर, पण टांगल्यावर अंग पट्ट्यातून खांद्याकडं घसरतं आणि हात पुरत नाही. सरळ बसून हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. कड चाचपत चाचपत गेले, बोटाच्या टोकाला लागला, ओढला. झाकण पडलं. पट्टा सोडला आणि मी खालच्या कडब्यावर पडले. मान अजून दुखते आहे. टाळ्या वाजवायला लागले त्यांना मी हात करून थांबवलं. म्हटलं, टाळ्या कसल्या वाजवता, दांडा चुकीच्या जागी आहे.

आज रंगानं आणि वजीरभाईंनी तो खांद्याच्या बाजूला वर घेतला. त्याला मुठीत मावेल असा लाकडी गोळा बसवला. मग मी पुन्हा बसले, पुन्हा उलटी झाले. या वेळी डोळे मिटले होते. हात नेला तिथं गोळा होता.

रंगानं मला बाहेर यायला हात दिला. आम्ही दोघं त्या कडब्यावर बसलो. नंतर त्यानं विचारलं, "याला कॅनॉपी म्हणू का झाकण?" मी म्हटलं, उघडतंय ना, काहीही म्हण.

तू मला परवानगी मागितलेली नाहीस, म्हणून मी देत नाही. दिल्लीहून आल्यावर आत बस. तुला उलटं टांगायला सांग आणि डोळे मिटून हात ने. लागला नाही तर उडू नकोस. लागला, तर मला विचारत बसू नकोस.

तुझी,
आई